बाळसे धरले, पण वाढ झाली का?

आरोग्य पाठ : अपुऱ्या दिवसांच्या बाळाची वाढ



गळिताच्या दिवसांत आपली गाडी काट्यावर चढली की सगळ्यांचे डोळे आकड्याकडे लागतात. किती टन भरले? पण नुसता टन कळून भागत नाही. त्या टनातून साखर किती निघाली, म्हणजे उतारा किती पडला, यावर उसाचा दर ठरतो. उशिरापर्यंत युरियाचा मारा केला, पाणी तोडायच्या वेळी तोडलं नाही, तर ऊस हिरवागार दिसतो, वजनालाही भरतो; पण रसात साखर कमी. हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आज हाच धडा तान्ह्या बाळाच्या बाबतीत वाचायचा आहे.

परवा कारखान्याच्या दवाखान्यात एक आजी नातीला घेऊन आल्या. सोबत सूनबाई होत्या. नात बत्तिसाव्या आठवड्यात, म्हणजे दिवस भरायच्या आठ आठवडे आधी जन्मलेली. जन्माचं वजन दीड किलो. आता जन्मून सहा महिने झालेले, वजन ५ किलो ३०० ग्रॅम. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पोरीनं अजून बाळसं धरलं न्हाई बघा. शेजारणीची नात हिच्याच वयाची, तिच्या मांडीला वळ्या पडल्यात. डब्याचं दूध चालू करू का? आणि पेजबी द्यावी म्हणते." डबा पिशवीत आधीच आणलेला होता.

प्रश्न साधा दिसतो. पण त्याचं उत्तर द्यायला चार गोष्टी समजून घ्याव्या लागतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी बाळं आहेत, म्हणून हा पाठ सविस्तर लिहीत आहे.

१. लवकर आलेले आणि लहान आलेले

गर्भाचे पुरे दिवस म्हणजे ४० आठवडे. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलं ते अपुऱ्या दिवसांचे बाळ. जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल तर ते कमी वजनाचे बाळ, आणि दीड किलोच्या आत असेल तर फारच कमी वजनाचे. ही बाब थोडीथोडकी नाही. सन २०२० मध्ये जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली, त्यांतली ३० लाखांवर एकट्या भारतातली होती. आपल्या देशाच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ज्या बाळांचं वजन नोंदलं होतं त्यांतली शंभरात अठरा अडीच किलोच्या आतली निघाली.

आता फरक नीट ध्यानात घ्या. बाळ लहान असण्याची कारणं दोन. एक, ते लवकर आलं. उसाच्या भाषेत, पीक चांगलं होतं पण तोड आगाप झाली. दुसरं, दिवस भरले पण पोटातच पोषण कमी पडलं. म्हणजे तोड वेळेवर, पण पाणी-खत मिळालंच नाही. काही बाळांच्या वाट्याला दोन्ही गोष्टी येतात: लवकर आलेलं आणि त्या आठवड्याच्या मानानेही बारीक. पुढच्या वाढीत सर्वांत मागे राहण्याचा धोका या तिसऱ्या प्रकाराला असतो. म्हणून दवाखान्याच्या कागदावर नुसतं वजन नव्हे, "किती आठवड्यांचे बाळ" हेही लिहिलंय का ते बघून घ्या. तो कागद सात-बाराच्या उताऱ्यासारखा जपा.

जाता जाता एक गैरसमज काढून टाकू. सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. ते खरं नाही. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.

२. शेवटच्या तीन महिन्यांत पोटात काय भरते

अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळ साधारण एक किलोचं असतं. त्यात चरबी अगदी नाममात्र, शंभरात तीन-चार भाग. त्वचा पातळ, खालच्या शिरा दिसतात. पुढच्या बारा आठवड्यांत वजन अडीच-तीन पट होतं आणि त्यात बऱ्याच गोष्टी एकदम भरल्या जातात. हाडांसाठी लागणारा चुना आणि फॉस्फरस यांचा बहुतेक साठा याच काळात होतो. लोहाचंही तसंच. स्नायू भरतात, मेंदूला घड्या पडून तो मोठा होतो, आणि सर्वांत शेवटी कातडीखाली चरबीचा थर बसतो. पुऱ्या दिवसांच्या बाळात चरबी शंभरात दहा-बारा भागांच्या आसपास असते.

म्हणजे बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचं नुसतं वजन कमी नसतं. त्याचं कोठारही अर्धं भरलेलं असतं. हे उरलेलं भरायचं काम नाळेऐवजी आता दूध, ऊब आणि माणसाची काळजी यांना करायचं असतं.

३. वजन कशाचे वाढले?

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत अशा बाळाचं वजन उतरतं, दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतही. घाबरून जाऊ नये. दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. त्यानंतर दवाखान्यात असताना दर किलोमागे रोज १५ ते २० ग्रॅम वाढ व्हावी अशी अपेक्षा असते. दीड किलोच्या बाळाला रोज साधारण २२ ते ३० ग्रॅम. आणि याच्याच जोडीला लांबी आणि डोक्याचा घेर आठवड्याला जवळपास एकेक सेंटिमीटर वाढायला हवा. हे दुसरं वाक्य पुष्कळदा विसरलं जातं.

शरीरात चरबी किती आणि बाकीचं किती हे मोजायची यंत्रं आता मोठ्या संशोधन केंद्रांत आहेत. एकात बाळाला बंद पेटीत दोनेक मिनिटं ठेवतात. बाळाने किती हवा बाजूला सारली त्यावरून त्याचं आकारमान कळतं, वजन ठाऊक असतंच, त्यावरून घनता निघते. चरबी हलकी, स्नायू जड. तेव्हा घनतेवरून चरबीचा वाटा काढता येतो. आपल्या प्रयोगशाळेत रसात हायड्रोमीटर सोडून ब्रिक्स काढतात, तत्त्व तेच: घनतेवरून आत काय आहे ते ओळखायचं.

अशा मोजण्या अनेक देशांत झाल्या. त्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लवकर जन्मलेलं बाळ मूळ तारखेला, म्हणजे दिवस भरले असते त्या दिवशी, मोजलं, तर ते त्या दिवशी जन्मलेल्या बाळापेक्षा वजनाने कमी, लांबीने आखूड आणि डोक्याने लहान निघतं. पण त्याच्या अंगातल्या चरबीचा टक्का मात्र जास्त निघतो. कमी पडतं ते स्नायू, हाडं, अवयव यांचं वजन. लंडनमध्ये काही बाळांच्या शरीराची प्रतिमा घेऊन पाहिलं, तेव्हा फार लवकर जन्मलेल्यांच्या पोटाच्या आत, आतड्यांभोवती, चरबी जास्त साठलेली आढळली.

असं का होतं? पहिले काही आठवडे बाळ आजारी असतं. श्वास लागतो, जंतूसंसर्ग होतो, दूध पचत नाही म्हणून मध्येच थांबवावं लागतं. त्या काळात प्रथिनं कमी पडतात आणि लांबी रखडते. पुढे तब्येत सुधारली की उष्मांक भरपूर मिळतात, वजन झपाट्याने वाढतं, पण ती वाढ आधी चरबीत जाते. फुटवे फुटायच्या वेळी पाण्याचा ताण बसला आणि मोठ्या बांधणीनंतर भरपूर खत टाकलं, तर फुटव्यांची संख्या भरून येत नाही. तसंच काहीसं हे.

मात्र उपमा इथेच थांबवावी लागेल. मूल म्हणजे ऊस नव्हे. चरबी ही बाळाची शत्रू नाही. पोटाबाहेर आल्यावर ऊब धरायला ती लागते, मेंदूच्या वाढीलाही स्निग्ध पदार्थ लागतात. शिवाय चरबीच्या टक्क्यातला हा फरक पुढच्या काही महिन्यांत पुष्कळ कमी होतो. मागे रेंगाळते ती लांबी आणि स्नायूंची कसर. म्हणून लक्ष ठेवायचं ते तिथे.

४. मोठेपणी काय दिसते

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातच फार चिकाटीने अभ्यासला गेला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोच्या आतल्या बाळांची नोंद ठेवली आणि ती मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांना पुन्हा पुन्हा बोलावून मोजलं. अठराव्या वर्षीही दीडशेहून अधिक मुलं त्यांच्या हिशेबात होती. एवढी वर्षं घरंदारं बदललेल्या कुटुंबांचा माग ठेवणं म्हणजे काय, हे आपल्या गटातल्या स्लिपबॉयला विचारा! निष्कर्ष असा की लवकर आलेली आणि पोटातही कमी वाढलेली, तसेच फारच कमी वजनाची मुलं, मोठेपणीही उंचीने कमी आणि डोक्याचा घेर लहान असलेली राहिली. आई-बापाच्या उंचीचाही त्यात वाटा होताच. बुद्धीची सरासरी सर्वसाधारण मर्यादेत होती, पण पुऱ्या दिवसांच्या मुलांपेक्षा कमी.

फिनलंड देशात हेलसिंकी येथे १९७८ ते १९८५ या काळात दीड किलोच्या आत जन्मलेल्यांना १८ ते २७ वर्षांच्या वयात तपासलं. ती आजारी नव्हती. शिकत होती, नोकरी करत होती. पण सोबतच्या पुऱ्या दिवसांच्या मुलांपेक्षा उंची कमी, स्नायूंचं वजन कमी. साखर पाजून तपासल्यावर रक्तातली साखर आणि इन्सुलिन थोडं जास्त, आणि वरचा रक्तदाब सरासरी पाचेक अंकांनी जास्त. स्नायू हे शरीरातलं साखर जाळायचं मोठं ठिकाण. बॉयलर लहान असला आणि बगॅस जास्त आलं तर ढीग साठणारच.

आता पुण्याकडे परत येऊ. त्याच के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. हे मुख्यतः पुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल आहे, तरी आपल्याला उपयोगी आहे. इथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच बाबतींत बारीक. दंड बारीक, पोट बारीक. पण पाठीवरची चिमटीत धरलेली कातडी मात्र जवळजवळ तितकीच जाड! म्हणजे स्नायू कमी आणि चरबी राखलेली. याला त्यांनी "बारीक पण चरबीयुक्त" बाळ म्हटलं.

हीच गोष्ट डॉ. याज्ञिकांनी स्वतःवरूनही दाखवली. त्यांनी आणि जॉन युडकिन या इंग्रज डॉक्टरांनी २००४ साली आपला एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, निर्देशांक २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्यावर दोन्ही गाड्या सारख्या, उतारा वेगळा. तेव्हा आधीच या बांध्याच्या आपल्या समाजात, लवकर जन्मलेल्या बाळाला नुसतं फुगवणं किती महागात पडेल, याचा विचार करा.

५. पेच कुठे आहे

मग कोणी म्हणेल, बाळाला कमीच दूध पाजावं, म्हणजे चरबी चढायला नको. अजिबात नको! इथेच चूक होते.

इंग्लंडमध्ये ॲलन ल्युकस आणि सहकाऱ्यांनी १९८२ ते १९८५ या काळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना वेगवेगळं दूध देऊन त्यांना वर्षानुवर्षं पाहिलं. ज्यांना पहिल्या आठवड्यांत साधं, कमी पोषणाचं डब्याचं दूध मिळालं, त्यांतली मुलं, विशेषतः मुलगे, साडेसात-आठ वर्षांचे झाल्यावर भाषेच्या बुद्धीत मागे दिसले. ज्यांना खास जास्त पोषणाचं दूध मिळालं, ते पुढे होते. म्हणजे सुरुवातीची उपासमार मेंदू लक्षात ठेवतो. पण याच अभ्यासमालेतली मुलं १३ ते १६ वर्षांची झाल्यावर असंही दिसलं की ज्यांना दुसऱ्या मातांचं दान केलेलं दूध मिळालं होतं, त्यांचा रक्तदाब खास डब्याच्या दुधावर वाढलेल्यांपेक्षा कमी होता.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मग मार्ग कोणता? आजवरच्या अभ्यासातून तो वेळापत्रकाचा आहे, असं दिसतं. जन्मापासून मूळ तारखेपर्यंत आणि त्यानंतरचे पहिले काही महिने वाढीत कसूर होऊ द्यायची नाही. ती वाढ मेंदूला हवी आहे. त्यातही लांबी आणि डोकं वाढतंय का हे बघायचं. त्यानंतर मात्र लांबी न वाढता नुसतं वजन वाढत राहिलं, तर ते पुढच्या स्थूलपणाकडे आणि रक्तदाबाकडे नेतं. लांबीबरोबर येणारं वजन चांगलं, लांबीला सोडून येणारं वजन संशयास्पद. हा या पाठाचा गाभा आहे.

६. वयाचा हिशेब दुरुस्त करा

आजींच्या नातीकडे वळू. ती आठ आठवडे, म्हणजे जवळपास दोन महिने आधी आली. जन्म होऊन सहा महिने झाले, तरी वाढीच्या दृष्टीने तिचं वय चारच महिने धरायचं. याला सुधारित वय म्हणतात. दोन वर्षांची होईपर्यंत वजन, लांबी, मान धरणं, पालथं पडणं, बसणं हे सगळं याच वयाने मोजायचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. तिथे हिशेब मागे नेऊ नये.

आता आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात सहा महिन्यांच्या मुलीचं वजन ५.७ किलोच्या खाली गेलं की ती कमी वजनाची. नात ५.३ किलोची, म्हणजे लाल शेरा! पण चार महिन्यांच्या मुलीसाठी ती रेषा ५ किलोवर आहे. म्हणजे सुधारित वयाने ती रेषेच्या वर आहे. लांबी मोजली, ती ५९.५ सेंटिमीटर भरली. सहा महिन्यांना ती कमी ठरते, चार महिन्यांना मर्यादेत बसते. लांबीच्या मानाने वजनही ठीक. शेजारणीच्या नातीशी तुलना करणं म्हणजे आडसाली उसाशी सुरू उसाची तुलना करण्यासारखं झालं.

एक गोष्ट मात्र खटकली. तिच्या कार्डावर वजनाचे रकाने महिनेवार भरलेले, पण लांबी आणि डोक्याच्या घेराचे रकाने कोरे. काट्याची पावती होती, उताऱ्याची नव्हती. चार-सहा महिने कोणी टेप लावलाच नव्हता. आपण सभासदांनी दरवेळी मागून घ्यायचं: "बाई, लांबी आणि डोकंपण मोजा." तीन आकडे, एकाच कार्डावर.

७. घरी काय करायचे

आईचे दूध. लवकर बाळंत झालेल्या आईच्या दुधात पहिल्या आठवड्यांत प्रथिनं जास्त असतात. निसर्गाचीच सोय आहे ती. बाळ ओढू शकत नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्याने, डॉक्टरांच्या सांगण्यानुसार द्यावं. अगदी लहान बाळांसाठी त्या दुधात काही पोषक पूड मिसळायची की नाही हे डॉक्टर ठरवतील; आपण मनाने काही मिसळू नये. आईचं दूध पुरत नसेल तर मोठ्या रुग्णालयांत दूधपेढी असते. आशिया खंडातली पहिली दूधपेढी १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. डब्याचं दूध हा शेवटचा पर्याय, आणि तोही वैद्यकीय सल्ल्याने.

कांगारू पद्धत. बाळाला उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं उभं धरून वरून कापड बांधायचं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली काचेच्या पेट्या कमी पडल्या तेव्हा डॉ. एडगर रे यांनी हा मार्ग काढला. सन २०२१ मध्ये दिल्लीसह पाच ठिकाणच्या चाचणीचा निकाल आला: एक किलो ते पावणेदोन-एक किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं धरल्यावर मृत्यू एक चतुर्थांशाने घटले. वाढीशी याचा संबंध काय? गार पडलेलं बाळ आपलं पोषण ऊब करण्यातच जाळतं. उबदार बाळ ते वाढीला लावतं. शिवाय आईला दूध चांगलं येतं. रोज जितके जास्त तास धराल तितकं चांगलं. आई थकली तर आजीनं धरावं, बापानं धरावं. त्यात कमीपणा कसला?

लोह आणि ड जीवनसत्त्व. कोठार अर्धं भरलेलं असल्याने हे थेंब लागतातच. डॉक्टरांनी सांगितलेलं प्रमाण मोजून, सांगितलं तितके महिने द्या. बाळ गुटगुटीत दिसायला लागलं म्हणून मध्येच बंद करू नका.

वरचे अन्न. भारतातल्या तीन सरकारी रुग्णालयांत ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांवर चाचणी झाली, तिचा निकाल २०१७ साली आला. काहींना सुधारित वयाच्या चार महिन्यांना वरचं अन्न सुरू केलं, काहींना सहा महिन्यांना. वर्षाच्या वयाला वजनात फरक पडला नाही. पण चार महिन्यांना सुरू केलेल्यांना आजारी पडून दवाखान्यात भरती करण्याची वेळ जास्त आली. तेव्हा घाई नको. सुरू कराल तेव्हा नुसती पातळ पेज नको. मऊ वरण-भात, नाचणी, मुगाची खिचडी, वर चमचाभर तूप, अंडं, दही, भाजी कुस्करून. स्नायू बांधायचे तर डाळ-अंडं हवंच. आणि साखर कारखान्याच्या पत्रकात लिहितो आहे तरी स्पष्ट सांगतो: दोन वर्षांपर्यंत बाळाच्या खाण्यात वरून साखर-गूळ नको, बिस्किटं नकोत. वर्षाच्या आत मध चाटवू नये, घुटीही नको.

डोळे आणि कान. दोन किलोच्या आत किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून तीस दिवसांच्या आत तपासून घ्यायलाच हवा. फार लहान बाळांचा त्याआधी. उशीर झाल्यास दृष्टी जाऊ शकते. कानही तपासून घ्या.

पुढचा पाठपुरावा. आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत ठरलेल्या दिवशी घरी येतात, पुढे ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांना. घरपोच काळजीने किती जीव वाचतात हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९९९ सालीच जगाला दाखवून दिलं. त्यांना दारातून परत पाठवू नका. मूल शाळेत गेलं की वर्षातून एकदा उंची-वजन बघा, खेळू द्या, झाडावर चढू द्या. स्नायू वापरानेच वाढतात. आणि तरुणपणी रक्तदाब-साखर तपासताना "मी अपुऱ्या दिवसांचा जन्मलो" हे डॉक्टरांना सांगायला शिकवा.

८. आपल्या फडातली बाळं

हे सगळं आपल्या घरच्यांसाठी झालं. पण आपला ऊस तोडायला येणाऱ्या टोळीत गरोदर बाया असतात, ओल्या बाळंतिणी असतात. जड मोळ्या वाहणं, दिवसभर उभं राहून वाकून काम, अंगात रक्त कमी, तपासणी नाही. अशा स्थितीत बाळ लवकर येण्याचा आणि लहान येण्याचा धोका वाढतो. त्यात मिश्री. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासात मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी निघाली आणि ती लवकर जन्मण्याचं प्रमाणही जास्त होतं. ही सवय आपल्याही घरांत आहे, तेव्हा बोट फक्त टोळीकडे दाखवू नये.

टोळी गाव सोडून आलेली असते, तिच्या गावच्या आशाताईंना पत्ता नसतो आणि इथल्यांच्या यादीत नाव नसतं. म्हणून ज्याच्या फडात तोड चालू आहे त्या सभासदाने एवढं करावं: टोळीत गरोदर बाई किंवा लहान बाळ असेल तर गावच्या आशाताईंना आणि गट ऑफिसला कळवावं, बाईला मोळ्या उचलायला लावू नये असं मुकादमाला सांगावं, आणि अडचण आली तर १०८ ला फोन करावा. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत, हेही सांगावं. आपल्या साखरेत त्यांचाही घाम आहे.

आजींना दिलेले उत्तर

आजींना एवढंच सांगितलं: नात आपल्या वयाप्रमाणे वाढते आहे. डबा दुकानदाराला परत करा. सूनबाईंना दोन घास जास्त वाढा, रात्रीची झोप मिळू द्या. वरचं अन्न सुधारित सहा महिने झाल्यावर, म्हणजे अजून दोन महिन्यांनी. दर महिन्याला वजन, लांबी, डोकं, तिन्ही लिहून घ्या. लांबी थांबली, दूध ओढेनाशी झाली किंवा मलूल वाटली तर वाट न बघता आणा.

आजी थोड्या नाराज दिसल्या. म्हणाल्या, "म्हंजे बाळसं न्हाईच म्हणा की." सूनबाई हसल्या आणि म्हणाल्या, "आत्या, बाळसं उतरतंय. उंची कुठं उतरती?" पाठ इतका छान आम्हालाही मांडता आला नसता.

उजळणी

१. ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेले ते अपुऱ्या दिवसांचे बाळ. जन्माचा कागद जपून ठेवा.
२. दोन वर्षांपर्यंत वाढ सुधारित वयाने मोजा. लसी जन्मतारखेने द्या.
३. वजन, लांबी आणि डोक्याचा घेर, तिन्ही आकडे एकत्र वाचा.
४. सुरुवातीला उपासमार नको, पुढे फुगवणे नको.
५. आईचे दूध, छातीची ऊब, लोह व ड जीवनसत्त्वाचे थेंब, वेळेवर वरचे अन्न.
६. तीस दिवसांच्या आत डोळ्यांची तपासणी.
७. फडातल्या बाळाचीही चौकशी करा.

आपल्या घरी असे बाळ असेल तर त्याचे कार्ड घेऊन कारखान्याच्या दवाखान्यात या. रकाने कोरे असले तरी संकोच करू नका. टेप आमच्याकडे आहे.